चोरखिसा

सुग्रीव आण्णा गंभिरे दुकानात आले
ते शटर निम्मं खाली ओढूनच.
खडी क्रशरचा माणूस, आवाज कायम मशीनवरचा,
पण त्या दिवशी कुजबुजले :
मास्तर, एक शिवायचं हाये.

डॉक्टर म्हणतो शुगर तीनशेच्या वर, रोज पळा.
वकील म्हणतो एकटे फिरू नका.
दोघांचीबी फी दिलेली.

काल मुकुंदराजाच्या रस्त्याला, उतारावर,
ट्रॅकपँटीच्या नाडीनं दगा दिला.
वस्तू पायातून घरंगळत थेट डांबरावर.
मागून पोलीस भरतीची पोरं पळत येत होती.
एकानं उचलून हातात दिली,
म्हणाला, काका, तुमचा मोबाईल पडला.
तो हसला नाही,
हे आण्णांना जास्त लागलं.

चाळीस वर्षं मी चोरखिसे शिवतो.
बाजाराला जाणाऱ्या बायांच्या परकराला,
हजला निघालेल्या मौलाचाचांच्या बंडीला,
उचल वाटत फिरणाऱ्या मुकादमाच्या पैरणीला.
एका पोरीनं ड्रेसच्या अस्तरात मागितला होता,
चिठ्ठीएवढा.
काय ठेवणार, मी विचारलं नाही.
खिशाला विचारायचं नसतं,
एवढंच बापानं शिकवलं.

पण नोट घडी सोसते. हे लोखंड.
हलायला नको, दिसायला नको,
घाम लागायला नको, नातवाच्या हाती यायला नको,
आणि लागली तर चटकन निघायला पायजे.
मी म्हणालो, आण्णा,
एवढी मापं एका कापडात बसत नसतात.
म्हणाले, बसवा.

लायसन त्यांच्या नावाचं,
वस्तू ठेवून जा म्हणायची सोय नव्हती.
गोळ्या काढून खिशात टाकल्या,
वर्तमानपत्रावर ती आडवी ठेवली
आणि स्वतःच भोवती पेन्सिल फिरवली,
लहानपणी पाटीवर पंजा काढायचो, तशी.

वजनाला मी दुकानाचं कुलूप घेतलं.
शेजारच्या किराण्यात तोललं, आठशे ग्रॅम.
त्याला वाटलं भंगारात काढतोय.

चार बोटं रुंद इलास्टिक,
आतून रेक्झिन, बाहेरून बनियनचं मऊ कापड,
घोड्याच्या जागी कॉलरचं बक्रम, दुहेरी,
बोट चुकूनही शिरू नये.

गिऱ्हाइकाच्या आधी आपण घालून बघावं.
पहाटे पाचला कुलूप कमरेला बांधलं,
लेकाचे जुने बूट चढवले,
आणि बासष्टाव्या वर्षी पळालो
मंडीबाजार ते बसस्टँड.
पट्टा हलला नाही. शिवण कुरकुरली नाही.

पाण्याच्या टाकीपाशी मागं पावलं वाजली
आणि माझा हात आपसूक कुलपावर गेला.

दूध घालणारा इरफान होता.
सलाम मास्तर, एवढ्या लवकर?
रोज दिसतो.
त्या दिवशी मी आधी त्याचे दोन्ही हात पाहिले.

दुकान रात्रभर बिनकुलपाचं राहिलं होतं.
काही गेलं नाही.

आता आण्णा पळतात, मैदानाला चार चकरा.
डावा हात मोकळा हलतो,
उजवा बरगडीला धरून.
पट्टा जागेवर आहे, लांबूनच कळतं मला.
हाताचं काय ते माझ्या टेपात नाही.

पोळ्याच्या आसपास परत आले.
अकरा किलो उतरले होते, चेहरा ओढलेला.
ढिला झालाय मास्तर, आवळून द्या.
उसवला तर आतल्या रेक्झिनवर
घामाच्या मिठाची पांढरी रेघ,
हुबेहूब त्या पेन्सिलीची.
ब्रशनं घासली. थोडी राहिली.

किती झाले?
आवळायचे पैसे घेत नाही म्हणालो.
शटर त्यांनीच वर केलं,
आधी वाकून रस्ता बघितला, दोन्हीकडं.

आत दोन बोटं माया ठेवलीय मी.
त्यांना सांगितलं नाही.